मोरचूद, गंधक आणि सेंद्रिय वाईन : दीडशे वर्षांचा हिशोब



सेंद्रिय वाईन म्हणजे फवारणी न केलेल्या द्राक्षांची वाईन, असा आपल्याकडे बहुतेकांचा समज आहे. वाईनरी बघायला आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे तर हेच धरून चालतात. तो समज चुकीचा आहे. युरोपात सेंद्रिय शिक्का लागलेल्या बहुतेक बागांत फवारणीची टाकी फिरतेच. त्या टाकीत काय असतं आणि तेच का असतं, हे समजायला दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं. आज फवारणीच्या नोंदींऐवजी ती गोष्ट लिहितो. लांब आहे, चहा घेऊन बसा. माळकरी मंडळींनी वाईनच्या नावाने नाक मुरडू नये, कारण गोष्ट निम्मी तरी आपल्या डाऊनी-भुरीचीच आहे.

पहिली गोष्ट भुरीची. १८४५ च्या आधी युरोपातल्या द्राक्षबागायतदाराला भुरी माहीत नव्हती आणि डाऊनीही माहीत नव्हती. त्यांची वेल एकच, विटिस व्हिनिफेरा, म्हणजे आपली थॉमसन आणि शेनिन ज्या जातीतली तीच. हजारो वर्षं ती तिथे सुखाने वाढली. अमेरिकेत मात्र रानटी द्राक्षाच्या कितीतरी जाती होत्या आणि त्यांच्यासोबत राहून मुरलेले रोगही होते. शोभेसाठी आणि हौसेसाठी अमेरिकेतून वेली युरोपात यायला लागल्या आणि रोग त्यांच्याबरोबर आले. १८४५ साली इंग्लंडमध्ये मार्गेट गावात टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षांवर पांढरी पावडर दिसली. तीच भुरी. पाच-सात वर्षांत ती फ्रान्सभर झाली. १८५४ साली फ्रान्सची सगळी वाईन मिळून सुमारे १ कोटी १० लाख हेक्टोलिटर भरली, चांगल्या वर्षाच्या चौथाईच्या आसपास. एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर.

उपाय सापडला गंधकाचा. व्हर्सायच्या बागेतल्या ग्रिझों नावाच्या माळ्याने गंधक आणि चुना एकत्र उकळून पाणी केलं. दक्षिणेत माँपेलिएकडे आंरी मारेस याने कोरडं गंधक धुरळून दाखवलं आणि त्याचं प्रमाण आणि वेळ बसवून दिली. आपण आज ८० टक्के गंधक पाण्यात टाकतो, त्याचं मूळ तिथे आहे. गंधक हे निसर्गात सापडणारं मूलद्रव्य, कारखान्यात जोडलेला रेणू नाही. म्हणून सेंद्रियाच्या नियमात ते आजही चालतं. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

दुसरं संकट मुळावर आलं. फिलोक्झेरा नावाचा बारीक किडा, माव्याच्या जवळचा, मुळं शोषणारा. १८६० नंतर ऱ्होन नदीच्या खोऱ्यात वेली वाळायला लागल्या. कोणाला कारण सापडेना, कारण लोक मेलेली झाडं उपटून बघत होते आणि किडा तोवर पुढच्या जित्या झाडावर गेलेला असायचा. १८६८ च्या जुलैमध्ये माँपेलिएचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक प्लांशों आणि त्याच्या सोबत्यांनी जितं झाड उपटलं तेव्हा मुळावर पिवळ्या किड्यांचे थर दिसले. (मेलेलं झाड बघून निदान करणारे आपल्याकडेही कमी नाहीत.) १८७५ साली फ्रान्सचं उत्पादन साडेआठ कोटी हेक्टोलिटरच्या जवळ होतं, १८८९ ला ते अडीच कोटीच्याही खाली गेलं. सरकारने उपाय सांगणाऱ्याला ३ लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. ते कोणालाच मिळालं नाही.

उपाय शेवटी अमेरिकेतूनच आला. तिथल्या रानटी जातींच्या मुळांना या किड्याची सवय होती. मग खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच काडीचं कलम. पण फ्रान्सच्या कित्येक जमिनी चुनखडीच्या आणि तिथे हे खुंट पिवळे पडायचे. १८८७ साली पिएर व्हिआला नावाचा शास्त्रज्ञ अमेरिकेला गेला आणि टेक्सासमध्ये डेनिसन गावच्या थॉमस मन्सन या नर्सरीवाल्याने त्याला चुनखडीत वाढणाऱ्या रानटी वेली दाखवल्या. टेक्सासमधल्या त्याच चुनखडीच्या रानातली, विटिस चँपिनी जातीतली एक निवड म्हणजे आपला डॉगरीज. नाशिक, सांगली, सोलापूरला खारं पाणी आणि पाण्याची ओढ सोसते म्हणून आपण जी खुंटाची काडी लावून वर कलम भरतो, ती या मालिकेतली आहे. आपल्याकडे फिलोक्झेरासाठी नाही, खारवट जमिनीसाठी आली, एवढाच फरक.

आता डाऊनी. फिलोक्झेराला उपाय म्हणून अमेरिकन वेली जहाजं भरभरून आणल्या आणि त्यांच्याबरोबर डाऊनी आली. १८७८ साली ती फ्रान्समध्ये नक्की ओळखली गेली. एक दुखणं घालवायला आणलेल्या औषधाने दुसरं दुखणं घरात आलं. डाऊनी काय करते ते तुम्हाला सांगायला नको. पानावर तेलकट डाग, खाली पांढरी लव, आणि घड फुलोऱ्यात असताना लागली तर चार दिवसांत बाग हातची जाते. भुरीवर चालणारं गंधक तिच्यावर चालेना.

१८८२ चा ऑक्टोबर. बोर्डो विद्यापीठातला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक अलेक्सिस मिलार्दे मेडोक भागात सें-ज्युलिएन गावाजवळून चालला होता. सगळीकडे डाऊनीने पानं गळून वेली उघड्या पडलेल्या. पण रस्त्याच्या कडेच्या ओळींवर पानं हिरवीगार टिकलेली. जवळ जाऊन पाहिलं तर पानांवर निळसर पांढरा थर. विचारपूस केल्यावर कळलं, की येणारे जाणारे लोक द्राक्षं तोडून खातात, म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडायची तिथली पद्धत आहे. रंग बघून माणूस विषारी समजतो आणि हात लावत नाही. आपण रस्त्याकडच्या ओळीला जुन्या साड्या बांधतो, त्यातलाच प्रकार. चोरासाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला होता.

मिलार्दे तिथेच थांबला नाही आणि त्याचं मोठेपण मला यात वाटतं. त्या बागेचा व्यवस्थापक एर्नेस्त दाविद याला सोबत घेऊन त्याने प्रयोग लावले, रसायनशास्त्रज्ञ उलीस गेयाँ याच्याकडून रसायनाची बाजू तपासून घेतली आणि १८८५ साली कृती छापली. १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद, वेगळ्या ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना आणि मग दोन्ही एकत्र. प्रमाण बघा. आज आपण १ टक्का म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद घेतो आणि कोवळ्या फुटीवर अर्ध्या टक्क्यावर येतो. पहिली कृती ६ टक्क्यांच्या वर होती. ब्लोअर नव्हते, केरसुणी बुडवून झटकायचे, त्यामुळे तेवढं दाट लागत असेल. पुढच्या वर्षांत प्रमाण उतरत गेलं.

बोर्डो कसं काम करतं ते नवीन पोरांसाठी थोडक्यात. तांबं पानाच्या आत जात नाही, वर बसून राहतं. पाऊस किंवा दव आलं की डाऊनीचे बीजाणू पाण्यात पोहत पानाच्या मागच्या छिद्राकडे जातात, वाटेत त्यांना तांब्याचा कण लागतो आणि ते मरतात. म्हणजे रोग आत शिरण्याआधी फवारा बसलेला पाहिजे. एकदा शिरला की बोर्डो कितीही मारा, तो पानावरचा रंगच राहतो. आणि तांबं बुरशीच्या शरीरात एकाच ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी घाव घालतं. त्यामुळे बुरशीला त्याची सवय लागत नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी मेटालॅक्झिल आलं, आत शिरणारं, पावसाने न धुपणारं, आणि लोकांना वाटलं डाऊनी संपली. मोजक्या वर्षांत फ्रान्सच्या बागांमध्ये त्याला न जुमानणारी डाऊनी तयार झाली. तांब्याला १४० वर्षं झाली, तसं झालेलं नाही.

मोरचुदाच्या पाण्यात चुना पुरेसा पडला की नाही हे बघायला माझे वडील विळ्याचं पातं बुडवायचे. पात्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवायचा. लिटमस कागद नंतर आला, विळा अजून चालतो. आणि टाकी लोखंडी नको, हेही त्याच कारणाने.

आता सेंद्रिय शब्दाकडे. पहिल्या महायुद्धानंतर रासायनिक खत वाढलं आणि १९२४ सालीच दोन ठिकाणी त्याला उलट बोलणारी माणसं कामाला लागली. एक होता रुडॉल्फ स्टायनर, ऑस्ट्रियाचा. जून १९२४ मध्ये कोबरविट्झ इथल्या एका मोठ्या शेतावर (हा भाग आज पोलंडमध्ये आहे) त्याने शेतकऱ्यांना आठ व्याख्यानं दिली. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचं, मग चिमूटभर शेण पाण्यात घुसळून शिंपडायचं, चंद्र बघून कामं करायची. यातून बायोडायनॅमिक शेती निघाली. दुसरा अल्बर्ट हॉवर्ड. १९०५ पासून बिहारमध्ये पुसाला सरकारी नोकरीत असलेला हा इंग्रज १९२४ ला होळकरांच्या इंदूरला आला आणि १९३१ पर्यंत तिथे राहिला. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, दोन-तीनदा उलथून, तीन महिन्यांत खत करायची इंदूर पद्धत त्याने बसवली. १९३१ साली त्यावरचं पुस्तक आलं तेव्हा मुखपृष्ठावर दुसरं नाव होतं यशवंत वाड. हॉवर्डचं नाव जगभर झालं, वाडांना आपल्याकडेही कोणी ओळखत नाही. ते बरोबर झालं नाही असं माझं मत आहे.

शिंगाचं मला पटत नाही. दोन एकराला पुरेल एवढ्या पाण्यात चिमूटभर शेण टाकून जमीन बदलत असेल तर आपण ट्रॉलीने शेणखत कशाला ओढतो? पण बायोडायनॅमिकवाल्यांची बाग बघायला ते रोज जातात, पानाची मागची बाजू उलटून बघतात, एवढं मात्र मान्य करावं लागेल. रोज बागेत जाणाऱ्याचा फायदा होतोच, कारण काही का असेना.

वाईनमध्ये ही विचारसरणी उशिरा आली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या बागा तणनाशक, युरिया-पोटॅश आणि आंतरप्रवाही औषधांवर गेल्या, जशा आपल्या १९८० नंतर गेल्या. त्यातून बाहेर पडणाऱ्यांमध्ये निकोला जोलीचं नाव मोठं आहे. हा आधी बँकेत नोकरीला होता. लोआर नदीकाठी सावेनिएर गावाजवळ घरची बाग होती, कुले द सेरां, सुमारे सात हेक्टर, ११३० साली सिस्टर्शियन साधूंनी लावलेली. सल्लागाराच्या सांगण्यावरून तणनाशक मारल्यावर जमिनीचा रंग बदलला, किडे-पाखरं कमी झाली, असं तो सांगतो. १९८० च्या सुमारास त्याने थोड्या भागात बायोडायनॅमिक सुरू केलं आणि चार वर्षांत पूर्ण बाग त्यात नेली. त्या बागेत एकच जात आहे, शेनिन ब्लाँ. नाशिकमध्ये पांढऱ्या वाईनसाठी जी आपण लावतो तीच. म्हणून मला त्या माणसाच्या गोष्टीत जास्त रस.

आता तळघराची बाजू, कारण वाईन बागेत अर्धी होते आणि टाकीत अर्धी. सेंद्रिय द्राक्ष पिकवलं तरी वाईनरीत त्यात काय घालायचं याचा नियम वेगळा लागतो. भांडण आहे गंधकाचं. बागेतलं गंधक भुरीसाठी. वाईनरीतलं गंधक म्हणजे सल्फर डायऑक्साईड, वाईन आंबू नये आणि काळी पडू नये म्हणून. ही गोष्ट तासगावच्या बेदाणेवाल्याला समजवावी लागत नाही. शेडवर गंधकाची धुरी देऊन पिवळा बेदाणा करतात, तोच वायू. निर्यातीच्या पेटीत आपण ग्रेप गार्डचा कागद घालतो, त्यातूनही तोच निघतो.

युरोपने १९९१ ला सेंद्रिय शेतीचा कायदा केला, पण तो शेतापुरता. त्यामुळे वीस वर्षं बाटलीवर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाईन’ असंच लिहावं लागायचं. गंधक किती घालू द्यायचं यावर उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे देश एकमत करेनात. उत्तरेला थंडी आणि ओल, द्राक्ष कुजतं, त्यांना गंधक जास्त लागतं. दक्षिणेला ऊन, त्यांना कमी. शेवटी २०१२ मध्ये नियम आला आणि त्या वर्षीच्या तोडणीपासून ‘सेंद्रिय वाईन’ हा शब्द छापता आला. कोरड्या लाल वाईनला लिटरमागे १०० मिलिग्रॅम, पांढरीला १५०. साध्या वाईनला हे आकडे १५० आणि २०० आहेत. अमेरिकेने उलटं केलं. तिथे ‘सेंद्रिय वाईन’ म्हणायचं तर वरून गंधक अजिबात घालायचं नाही, आणि १०० मिलिग्रॅमपर्यंत घातलं तर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून’ एवढंच लिहायचं. म्हणजे फ्रान्समधली सेंद्रिय वाईन अमेरिकेच्या बंदरावर उतरली की बहुतेक वेळा तिचा दर्जा बदलतो, बाटली तीच.

पूर्ण बिनगंधकाची वाईन नसतेच, कारण यीस्ट स्वतः थोडं तयार करतं. दम्याच्या काही लोकांना गंधकाचा त्रास होतो हे खरं आहे. पण डोकं दुखलं की लोक गंधकाला दोष देतात आणि बदामी पिवळा बेदाणा मूठमूठ खातात. त्या बेदाण्यात किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या पुढेही गंधक असू शकतं. डोकेदुखीचं कारण बहुतेक वेळा चौथा ग्लास असतो.

आता ज्या दोन वर्षांसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येतो.

बोर्डो भागात पोयाक गावात पोंते-काने नावाची सुमारे ८० हेक्टरची बाग आहे. मालक आल्फ्रेद तेसरों, त्या वर्षांत बाग सांभाळणारा होता जाँ-मिशेल कोम. २००४ मध्ये त्यांनी १४ हेक्टरवर बायोडायनॅमिक सुरू केलं आणि पुढच्या वर्षी पूर्ण बाग घेतली. बोर्डोसारख्या ओल्या भागात, एवढ्या मोठ्या नावाच्या बागेत हे कोणी केलं नव्हतं, शेजारी हसत होते. २००७ ला पाऊस सुटला नाही आणि डाऊनी घडावर आली. मालकाचा धीर सुटला. त्याने आंतरप्रवाही रासायनिक औषध मारायला लावलं. पीक वाचलं. पण तीन वर्षांची मेहनत कागदावर शून्य झाली, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. २०१० ला त्यांना प्रमाणपत्र मिळालं.

मग आलं २०१८. वसंतापासून पाऊस आणि उकाडा, डाऊनीला पाहिजे ते सगळं. या वेळी पोंते-कानेने औषध मारलं नाही. पीक आलं एक तृतीयांशाच्या आसपास. शेजारी मार्गो गावातल्या शातो पामरला, तीही बायोडायनॅमिक बाग, हेक्टरी ११ हेक्टोलिटर मिळाले. आपल्या मापात एकरी ४४५ लिटर, म्हणजे सहाशेच्या आत बाटल्या. त्यांची दुसऱ्या प्रतीची वाईन त्या वर्षी निघालीच नाही, सगळा माल पहिल्या वाईनमध्ये गेला.

पामरची बाटली शेकडो युरोला जाते. त्यांनी एकरी सहाशे बाटल्यांत वर्ष काढलं. वाईनरीला किलोच्या दराने द्राक्ष घालणाऱ्याला ते जमणार आहे का? २००७ च्या तेसरोंला नाव ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवणार नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाच दिवस झड लागलेली ज्याने पोंग्यात आणि फुलोऱ्यात बघितली आहे, तो ठेवणार नाही.

कायद्याची अडचण दुसऱ्या बाजूनेही येते. २०१३ ला फ्रान्सच्या कोत-दोर जिल्ह्यात तुडतुड्याने पसरणाऱ्या पिवळेपणाच्या रोगासाठी सगळ्या बागांना कीटकनाशक मारायचा हुकूम निघाला. बोन गावच्या एमान्युएल जिबुलो या बायोडायनॅमिक बागायतदाराने नकार दिला. सेंद्रियात चालणारं पायरेथ्रमही मित्रकिडे मारतं आणि माझ्या बागेत रोग नाही, असं त्याचं म्हणणं. २०१४ मध्ये खटला, १००० युरो दंड, त्यातले ५०० स्थगित. वर्षाच्या शेवटी अपिलात तो सुटला. शेजाऱ्याच्या बागेत तुडतुडा गेला असता तर, हा प्रश्न मात्र त्याच्या निकालाने मिटत नाही.

आणि आता मूळ मुद्दा. सेंद्रियाची सगळी मदार ज्या तांब्यावर आहे, ते तांबं जमिनीतून जात नाही. पाण्याने वाहत नाही, कुजत नाही, वरच्या वीतभर थरात साचत राहतं. बोर्डोच्या शंभर वर्षं जुन्या बागांच्या मातीत किलोमागे शेकडो मिलिग्रॅम तांबं सापडतं, साध्या जमिनीत ते काही दशकं मिलिग्रॅम असतं. गांडूळ आणि मातीतली उपयोगी बुरशी दोघांनाही ते सोसत नाही. म्हणजे जमीन जिती ठेवायला निघालेला माणूस जमिनीत तांबं भरतोय. याची दखल घेऊन युरोपने मर्यादा लावल्या. आधी हेक्टरी ८ किलो, २००६ पासून ६, आणि २०१९ पासून सात वर्षांत मिळून २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४. ही मर्यादा सेंद्रिय आणि साध्या दोघांनाही आहे, पण साध्याकडे दुसरी औषधं आहेत.

हा ४ किलोचा आकडा शुद्ध तांब्याचा आहे. मोरचुदात तांबं २५ टक्के. म्हणून हेक्टरी १६ किलो मोरचूद, एकरी साधारण साडेसहा. एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर १ टक्क्याच्या एका फवाऱ्याला ४ किलो मोरचूद जातं, म्हणजे दुसरा फवारा पुरा होत नाही. अर्ध्या टक्क्याने तीन बसतात. मिलार्देची जी पहिली टाकी होती, ८ किलोची, ती एकटीच आपल्या एकराचा वर्षाचा कोटा ओलांडते. ऑक्टोबरचा पाऊस लागला तर आपल्या भागात एका महिन्यात तीनच फवारे कोणाचे झालेत का, विचारून बघा.

शिवाय त्यांची आणि आपली वेल सारखी वागत नाही. बोर्डोत थंडीत वेल झोपते, पान राहत नाही, वर्षातून एकदा छाटणी. ते वसंतात तीन दहाचा नियम बघतात : फूट १० सेंटिमीटर, तापमान १० अंश, पाऊस १० मिलिमीटर, हे तिन्ही जुळले की पहिली लागण धरायची. आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलची खरड, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी, आणि बारा महिने कुठेतरी पान आहेच. खरड छाटणीच्या पानावर पावसाळाभर डाऊनी नांदते आणि गोडी छाटणीच्या कोवळ्या फुटीवर येते. तिकडचं वेळापत्रक इकडे चिकटवून सेंद्रिय होत नाही. पावसाळ्यातल्या पानावर तांबं खर्च केलं तर हिवाळ्यासाठी उरत नाही, म्हणून जुने डाग पडलेलं पान बागेबाहेर नेणं, कॅनॉपी मोकळी ठेवणं, ट्रायकोडर्मा, आणि छाटणी पावसाचा अंदाज बघून मागे घेणं, हेच करावं लागतं. युरोप आता रोग सोसणाऱ्या संकरित जातींकडे वळतोय. जर्मनीत १९६७ ला केलेल्या संकरातून आलेली रीजंट ही त्यातली जुनी जात. आपल्या हवामानात अशा जाती मोठ्या क्षेत्रावर बघायला मिळाल्या तर मी पहिल्या रांगेत उभा राहीन.

वाईनमध्ये हे तांबं येतं का, असं शास्त्रज्ञ मंडळी विचारतातच. रस आंबताना यीस्ट बरंचसं तांबं धरून खाली गाळात बसतं. पिणाऱ्याला धोका कमी, जमिनीला जास्त.

प्यायची गोष्ट राहिली. घेणाऱ्यांसाठी चार अनुभव. बाटलीच्या मागच्या बाजूला कोणाचं प्रमाणपत्र आहे ते वाचा. ‘नॅचरल’ हा शब्द आणि पानाफुलांचं चित्र म्हणजे प्रमाणपत्र नाही. गंधक कमी असलेली वाईन उन्हात गाडीत ठेवली तर बिघडते, म्हणून दुकानात काचेपाशी उभी असलेली बाटली घेऊ नका. शेनिन ८ ते १२ अंशाला चांगली लागते, लाल १५ ते १८ ला. ‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला’ हे फ्रान्सच्या खोलीचं आहे, आपल्या मार्चमधल्या ओसरीचं नाही. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, हळू ओता. ग्लास तिसरा हिस्साच भरा, आधी वास घ्या. चांगल्या शेनिनला पिकलेल्या पेरूसारखा, कधी मधासारखा वास येतो, आणि आंबटपणा जिभेच्या कडेला उभा राहतो. थालीपीठ किंवा भाजलेल्या ओल्या शेंगांबरोबर ती फार छान जाते. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढे ओतून द्या. चव चांगली आहे म्हणून ती सेंद्रिय असेल, किंवा सेंद्रिय आहे म्हणून चांगली असेल, यातलं काहीच खरं नाही. मी शिक्क्याची बेचव बाटली पण बघितली आहे. तोडणी कोणत्या दिवशी झाली आणि मणी क्रेटमध्ये फुटले का, यावर चव जास्त ठरते.

माझी एक एकर शेनिन रूपांतराच्या दुसऱ्या वर्षात आहे. तीन वर्षं पुरी झाल्याशिवाय शिक्का नाही. यंदा फवारणीच्या वहीत मी मोरचुदाचा वेगळा रकाना काढलाय. छाटणीपासून आजपर्यंत पाच किलो तीनशे ग्रॅम झालं, वर्षाच्या सरासरीतलं एक किलो दोनशे शिल्लक, म्हणजे अर्ध्या टक्क्याने २४० लिटर. बाग फुलोऱ्यात येतेय. शनिवारपासून तीन दिवस पावसाचा अंदाज आहे. शुक्रवारी सकाळी टाकी भरतोय, पुढची नोंद सोमवारी टाकतो.